निळी विजार

"माका नको," शालन म्हणाली. "दुसऱ्या कोणाक तरी द्या."

"घे गो!" मी म्हटलं. "शालू नेसवणत नाय तुका कोण. रबराची विजार ती."

शाळेच्या पडवीत बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. शालन हसली नाही. आम्हाला विजारी देणाऱ्या संस्थेच्या बोडस साहेबांनी पुढे केलेली ती निळी विजार तिने दोन बोटांनी धरली आणि मांडीवर ठेवली. मी माझी हिरवी विजार केव्हाच खांद्यावर टाकून बसले होते. साहेब तिला वेडर म्हणायचे. छातीपर्यंत रबर, खाली त्यालाच जोडलेले बूट, वर खांद्यावरून घ्यायचे दोन पट्टे. आम्ही पहिल्या दिवसापासून तिला विजारच म्हटलं.

"अठ्ठावीस जणींसाठी अठ्ठावीस मंजूर झाल्यात," साहेब म्हणाले. "पण कुठली घ्यायची ते मी ऑफिसात बसून ठरवणार नाही. खडपावर तुम्ही जाता. या दोन नमुन्याच्या आहेत. दोघीजणी महिनाभर वापरा. जी टिकेल ती मागवू. वापरून झाली की गोड्या पाण्याने धुवायची आणि सावलीत उलटी टांगायची. उन्हात रबर तडकतं."

पहिलं नाव मी माझं सांगितलं होतं. दुसरं शालनचंही मीच सांगितलं. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं काय? पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेल्या, पुढे गावातल्या गावात एकाच वाडीत दिलेल्या. तिच्या घराची धुणी माझ्या पडवीतून दिसायची.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आमच्या खाडीच्या तोंडाशी काळ्या दगडांचा लांबलचक खडप आहे. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या सुकतीला पाणी मागे गेलं की तो उघडा पडतो आणि त्याला चिकटलेली कालवं आम्ही कोयतीने काढतो. कालवाची कड ब्लेडसारखी असते. आमच्या वाडीतल्या कुठल्याही बाईचा तळवा बघा, त्यावर पाटीवर गिरवल्यासारख्या रेघा असतात. काप लागला की हळद दाबायची आणि पुढच्या सुकतीला परत जायचं, इतकाच त्याचा विचार.

माझ्या आईचं तसं राहिलं नव्हतं. तिला साखर झाली होती. तिच्या पायांना काही कळायचंच नाही. बाजारातून येताना एक चप्पल वाटेतच पडायची आणि ही तशीच घरी यायची. मग मी मागे जाऊन चप्पल शोधायची. आदल्याच्या आदल्या वर्षी कालवाने कापलं, ते चिघळलं आणि उजव्या पायाची करंगळी गेली. डॉक्टर म्हणाले होते, आता त्या पायाला पुन्हा काप लागला तर पाय वाचवायची हमी नाही. त्या दिवसापासून भागीरथी तांडेल, जिला खडपातली प्रत्येक कपार तोंडपाठ होती, ती काठावर उंडीच्या झाडाखाली बसून आम्ही आणलेली कालवं फोडायची आणि पाण्याकडे बघायची.

साहेबांच्या विजारीबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाय कोरडा आणि झाकलेला राहणार असेल तर जाऊ दे. म्हणून मला विजार हवी होती, आणि पक्की हवी होती. बाकीच्या सत्तावीस जणींचं काय व्हायचं ते होवो, माझ्यासाठी हा आईच्या पायाचा प्रश्न होता. ते शालनला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

खडपाच्या आतल्या टोकाला बायचा, म्हणजे खडप राखणाऱ्या आमच्या देवीचा, पाषाण आहे. पूर्वी खडपावर पायात काही घालून जात नसत. म्हणून विजारी वापरायच्या आधी आमच्या महिला मंडळाची सगळ्यांत म्हातारी बाई, आनाबाय, हिने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बाये, तुझी लेकरां आजपासून पायात रबर घालून येतली. तुझो अपमान म्हणान नाय, पाय कापतत म्हणान. ता मान्य करून घी आणि सगळ्यांका सांभाळ."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं. शालन माझ्या बाजूलाच होती. तिने डोळे मिटलेले होते आणि ते इतरांपेक्षा जरा उशिरा उघडले.

खडपावर प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. आमची बाहेरच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला. शालनच्या सासरची आतल्या टोकाला, बायच्या पाषाणाजवळ. तिकडे दुसऱ्या घराची जागा नाही, आणि मधे अर्ध्या मैलाचं अंतर. उंडीचं झाडही आतल्याच टोकाला, त्यामुळे आई तिकडे बसायची आणि मी एकटी हिरवी विजार घालून बाहेरच्या टोकाला घाम गाळायची.

ती हिरवी विजार म्हणजे शिक्षा होती. ताडपत्रीसारखं जाड कापड, गुडघ्यावर दुहेरी थर, बुटाचा तळवा बैलाच्या खुरासारखा. घालून दहा पावलं टाकली की अंगातून धारा लागायच्या. लघवीला जायचं तर सगळी सोलून काढायची आणि परत घालायची, तेवढ्यात अर्धी सुकती संपायची. महिन्याभरात तिला तीन ठिकाणी काप गेले. बंदरावरच्या सायकलवाल्याकडून मी तीन ठिगळं मारून घेतली.

"तुझी कशी आसा गो?" मी शालनला विचारायची.

"बरी आसा."

"फाटली खय?"

"नाय."

शालन कमी बोलणारी. तिच्या वाटचं मीच बोलते, असं सगळे म्हणायचे. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

महिना झाल्यावर साहेब आले. शाळेच्या पडवीत वाशाला दोन्ही विजारी पट्ट्यांनी टांगल्या आणि आम्ही घागरीने त्यांत पाणी भरलं. कुठे गळतं ते बघायला याहून सोपी रीत नाही. हिरवी तिन्ही ठिगळांतून ठिबकायला लागली. निळी गच्च फुगली आणि तिच्यातून एक थेंब बाहेर आला नाही. अठ्ठावीस बायका तिच्याभोवती फिरून बघत होत्या, कुणी बोटाने दाबत होत्या. इतकी मऊ, इतकी हलकी, आणि महिनाभर खडपावर राहून एक ओरखडा नाही!

"हिरवी घेवया," आई म्हणाली.

ती खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"आये, ती गळता!" मी म्हटलं.

"गळता ता दिसता. ठिगाळ मारूक येता. जाड आसा, टिकतली."

"आणि निळी फाटाकच नाय, तिका ठिगाळ तरी खय मारतलंस? हातच्या काकणाक आरसो कित्याक व्हयो?"

मी तेव्हा चांगली दहा मिनिटं बोलले. घामाचं सांगितलं, लघवीचं सांगितलं, ठिगळांचा हिशेब सांगितला. बायका हसत होत्या आणि माना हलवत होत्या. साहेबसुद्धा हसले. मला बोलायला आवडतं, आणि ऐकणारे हसायला लागले की माझं गाडं थांबत नाही. शेवटी मी शालनला हाताला धरून उभी केली.

"म्हयनोभर खडपार घातलंस मां? सांग सगळ्यांका."

शालनने माझ्याकडे बघितलं नाही. तिने आईकडे बघितलं. मला वाटलं, माझी आई विरुद्ध बोलली म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं असेल.

"होय," ती म्हणाली.

निळीसाठी सव्वीस हात वर झाले. शालनचा कमरेपर्यंतच आला, तोही मी मोजून घेतला. आईने हात वर केला नाही.

घरी जाताना ती म्हणाली, "इतक्या कित्याक बोललंस?"

"खरा ता बोललंय."

"तुझ्या तोंडात तीळ भिजना नाय," ती म्हणाली. हे ती मला लहानपणापासून म्हणायची, म्हणून मी ते कानांआड केलं.

पौषाच्या अमावास्येला अठ्ठावीस निळ्या विजारी आल्या. सकाळची सुकती होती. आई सुरुवातीला निघेचना. गुडघा दुखतो म्हणाली. मग म्हणाली, पुढच्या सुकतीला बघू, पहिल्या दिवशी गर्दी असते. मी ऐकते कुठली! पाटावर बसवून मी तिच्या पायांत जाड मोजे चढवले, लुगडं गुंडाळून आत कोंबलं आणि पट्टे खांद्यावरून घेऊन अडकवले. बटणं लावताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिने फक्त माझ्या गालावरून हात फिरवला.

खडपावर पाय ठेवला आणि ती बदललीच. दोन वर्षं काठावर बसलेली बाई पाण्यात कमरेइतकी उतरली, एका कपारीशी वाकली आणि मला हाक मारून म्हणाली, "बघ, हय आसत म्हणान सांगलेला मां तुका!" तिथे मुठीएवढी कालवं होती. ती कोयती मारत होती आणि स्वतःशीच काहीबाही गुणगुणत होती. मला इतका आनंद झाला होता की मी आजूबाजूच्या सगळ्यांना ओरडून सांगत होते, बघा माझी आई.

तासाभराने ती म्हणाली, "गो सुगंधी, पाय जड लागता."

"घाम तो," मी म्हटलं. मला महिन्याचा अनुभव होता. "सवय होतली."

आणखी तासभर तिने काम केलं. भरती लागल्यावर आम्ही काठावर आलो. उंडीखाली बसवून मी तिचे पट्टे सोडले आणि विजार खाली ओढली. बुटातून पाणी आलं. ते लाल होतं. निळ्या रबराचा तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला होता आणि आत, मोज्यातून आरपार, कालवाची अर्धी शिंप आईच्या टाचेत रुतून बसली होती.

"माका कायच कळूक नाय," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

त्या दिवशी आणखी सहाजणींच्या विजारी फाटल्या. त्यांना पाय होते, त्यांना कळलं, त्या वेळेत बाहेर आल्या.

पुढचे वीस-बावीस दिवस मी तालुक्याच्या दवाखान्यात काढले. आधी टाच काळी पडली, मग पाऊल. घोट्याच्या वर कापलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचला हे नशीब समजा. मी समजले नाही. मी संस्थेला शिव्या दिल्या, विकणाऱ्याला दिल्या, बायला दिल्या.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आईचे कपडे न्यायला मी घरी आले. मंडळाची किल्ली माझ्याकडेच असायची. पडवीच्या खोलीत दोन्ही नमुने टांगलेले होते, हिरवा आणि निळा, उलटे, साहेबांनी सांगितले होते तसे. बूट वर होते, म्हणून तळवे मला समोरच दिसले. हिरव्याच्या खाचा झिजून सपाट झाल्या होत्या. निळ्याच्या डाव्या तळव्यावर गोल कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर माप छापलेलं होतं. तिचं टोकसुद्धा उचकटलेलं नव्हतं.

अठ्ठावीस बायकांनी त्या विजारीत पाणी भरून भोकं शोधली होती. तळवा एकीनेही उलटा करून बघितला नव्हता. मीही नाही.

विजार ओढून काढली आणि तशीच शालनच्या मागच्या अंगणात गेले. ती दगडावर बसून भात पाखडत होती. मी विजार तिच्या सुपावर फेकली.

"ह्या काय?"

तिने चिकटपट्टी बघितली.

"तू ही घालूकच नाय," मी म्हटलं. "येक दिवस पण नाय. बोल!"

"नाय घातलंय."

"माझ्या आयेचो पाय गेलो, शालन."

ती रडायला लागली. मला तिचं रडणं बघवत नव्हतं आणि थांबावं असंही वाटत नव्हतं. मग तिने पदर बाजूला केला आणि पोटावर हात ठेवला.

"दोन वेळा पोट रवाक नाय, ठावक आसा तुका. दुसऱ्या वेळेक बायक बोललंय, कुशीत पोर येयपर्यंत तुझ्या खडपार पायात कायएक घालूचंय नाय." ती हुंदका गिळून म्हणाली, "पाचवो लागलो, सुगंधे."

तिची मुलगी आज पंधरा वर्षांची आहे. मला मावशी म्हणते, आणि माझा तिच्यावर राग नाही. पण त्या वेळी ते ऐकून मला आनंद झाला नाही. काहीच झालं नाही, आणि ते लिहितानाही मला लाज वाटते.

"आणि ह्या माका सांगूचा नाय?"

"नवस बोलान दाखवूचो नसता. पाचव्यापर्यंत पोटातलाय सांगूचा नसता."

"माका पण नाय?"

तिने सुपावरची विजार उचलून बाजूला ठेवली.

"विजार घेवन दर सुकतीक घरातून निघा होतंस, ता मी बघलंय," मी म्हटलं. "मगे ठेय होतंस खय?"

"उंडीखाली."

शब्द तिच्या तोंडातून गेला आणि आम्ही दोघीही थांबलो. उंडीखाली सकाळपासून भरती लागेपर्यंत कोण बसायचं, ते वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"आयेक ठावक होता?"

शालनने मान खाली घातली. "पयल्याच दिवशी इचारल्यानी. मी सांगलंय. त्या म्हणाल्यो, गप रव, कोणाक सांगा नको, मी बघतंय काय ता." मग अगदी हळू म्हणाली, "सभेत त्यांनी हिरवी घेवया म्हणान सांगल्यानी मां. तू आयकूक नाय."

मी तिथून निघाले. कपड्यांची पिशवी कुठे घेतली, फाट्यावर कशी आले, मला आठवत नाही. सिक्स सीटरमध्ये गावच्याच बायका होत्या. त्या आईची चौकशी करत होत्या. माझ्या डोक्यात एकच होतं. केसाने गळा कापला, तोही दोघींनी मिळून. एक जन्माची मैत्रीण आणि एक जन्म देणारी. उंडीच्या सावलीत दोघी महिनाभर एक गुपित घेऊन बसल्या होत्या, आणि बाहेरच्या टोकाला मी खुळी घाम गाळत होते, त्यांच्यासाठी.

दवाखान्यात आई उशीला टेकून बसली होती. पायावरची चादर एका बाजूला लवकर संपत होती. मी पिशवी खाली ठेवली.

"शालनीन सगळा सांगल्यान," मी म्हटलं.

आईने चादर सारखी केली. "बरी आसा मां ती? पाचवो लागलो असतलो."

"तुका ठावक होता. ठावक आसान पाय घातलंस त्या विजारीत!"

"तू इतक्या हौशीन घालूक लागलंस. नको कसा म्हणू? आणि नको म्हटलंय असता तर कित्याक नको ता सांगूक लागला असता." मग ती जराशी हसली. "माकाय जावचा होता गो. म्हटलंय, येकच दिवस, जपान जायन. दोन वर्षां त्या खडपाक बघी होतंय नुसती."

"मगे माका कित्याक सांगूक नाय?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. "तिका ठावक, तुका ठावक. मी कोण? मी तुझा चेडू ना? मी हिरवी घेवया म्हटलंय असता, सगळ्यांनी आयकला असता. तुझो पाय आज आसलो असतो!"

"तुका सांगला असता," आई म्हणाली, "तर तू सभेत बोलली असतंस. तिचा पोट वाडीभर झाला असता. तिसऱ्या वेळेक काय झाला असता तर ती जगली नसती."

"मी? मी कोणाक सांगलंय नसता! माझ्या सख्ख्या मैत्रणीचा मी बाहेर सांगतलंय?"

"खराच?"

"बायची शपथ."

आईने मान हलवली. तिने माझा हात धरला. मला वाटलं, आता ती चुकलं म्हणेल. ते ऐकायला मी थांबले होते.

"कशान इलंस?" तिने विचारलं.

"सिक्स सीटरान."

"गर्दी होती?"

"होती. वाडीतलीच सगळी."

"कोण कोण होती गो?"

"आनाबाय होती," मी म्हटलं. "तिची सून होती. शालनची चुलत सासू..."

तिथे मी थांबले. फाट्यापासून स्टँडपर्यंत पाऊण तासाची वाट. निळ्या विजारीपासून पाचव्या महिन्यापर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि उतरताना आनाबाय माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीसुद्धा होती की, फार वाईट झाला तुझा.

आईने माझा हात सोडला नाही. थोड्या वेळाने तिने प्यायला पाणी मागितलं आणि मी उठून भांडं भरलं.